धर्मस्वातंत्र्याची मर्यादा आणि न्यायालयाचा निकष

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृह येथे भरलेल्या पहिल्या संगीतीत एक कठीण प्रश्न उपस्थित झाला होता. संघाची इच्छा असल्यास लहानसहान शिक्षापदे रद्द करावीत, अशी अनुज्ञा भगवंतांनी अंतिम काळी दिली होती, असे स्थविर आनंदांनी संघाला निवेदन केले. परंतु ही लहानसहान शिक्षापदे कोणती, हे त्यांनी भगवंतांना विचारून घेतले नव्हते. त्यामुळे संघात मतभेद झाले. चार पाराजिके वगळता बाकी सारे नियम गौण होत, असे काही भिक्खूंचे म्हणणे पडले. पाराजिकांसमवेत तेरा संघादिसेसही मुख्यच मानले पाहिजेत, असे इतरांचे मत होते. आणखी काहींनी ही सीमा त्याही पुढे नेली. अखेरीस महाकाश्यपांनी मांडलेल्या प्रस्तावानुसार संघाने कोणताही नियम रद्द करू नये, नवा नियम करू नये आणि आहे ते पाळावे, असा निर्णय केला. हा वृत्तांत विनयपिटकातील चुल्लवग्गात आला आहे.

धर्मात मुख्य काय आणि गौण काय हे ठरविण्याचे ज्यांनी टाळले, ते भगवंतांच्या सहवासात राहिलेले अर्हंत होते. हाच प्रश्न आज आपल्या देशात न्यायाधीशांपुढे येतो, आणि पक्षकार समोर उभे असल्याने त्यांना तो टाळता येत नाही. गेल्या सत्तर वर्षांत भारतातील धर्मस्वातंत्र्याची सीमा बव्हंशी या एका प्रश्नाच्या उत्तरातून आखली गेली आहे. ती कशी आखली गेली, आणि स्वतःच्या विवेकाने धम्म स्वीकारणाऱ्या समाजाला त्या सीमेचा अर्थ काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

संविधानातील शब्द

संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सर्व व्यक्तींना सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांना आणि मूलभूत हक्कांच्या भागातील इतर तरतुदींना अधीन आहे. त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाने राज्याला धर्माशी निगडित अशा आर्थिक, राजकीय वा ऐहिक व्यवहारांचे नियमन करण्याची, तसेच समाजसुधारणेची आणि हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्याची मुभा दिली आहे. २६ व्या अनुच्छेदाने धर्मसंप्रदायांना आपल्या धार्मिक बाबींचा कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एखादा आचार त्या धर्माचा ‘आवश्यक भाग’ असला पाहिजे, तरच त्याला संरक्षण मिळेल, अशी अट या दोन्ही अनुच्छेदांत कोठेही नाही. ती अट न्यायनिर्णयांतून आली आहे.

या अटीचे मूळ पुष्कळदा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संविधान सभेतील भाषणाशी जोडले जाते. २ डिसेंबर १९४८ रोजी व्यक्तिगत कायद्यांवरील चर्चेत बाबासाहेबांनी असे प्रतिपादन केले होते की, या देशात धर्माच्या कल्पना जन्मापासून मृत्यूपर्यंतचे सर्व जीवन व्यापून टाकतात. म्हणून यापुढे धर्माची व्याख्या श्रद्धा आणि जे विधी स्वरूपतः धार्मिक आहेत तेवढ्यांपुरती मर्यादित करावी. कूळकायदा किंवा वारसाहक्क यांसारखे विषय धर्माच्या स्वाधीन करण्याचे कारण नाही. बाबासाहेबांचा प्रश्न सरळ होता: समोरची बाब धार्मिक आहे की ऐहिक? धार्मिक बाबींमध्येही कोणती त्या धर्माला अत्यावश्यक व कोणती अनावश्यक, हे राज्याने निवडावे, असा त्यांच्या विवेचनाचा रोख नव्हता. ‘स्वरूपतः धार्मिक’ आणि ‘धर्माला आवश्यक’ या दोन शब्दप्रयोगांतील अंतर लहान दिसते. परंतु पुढील निर्णयांचा इतिहास या अंतरातूनच घडला आहे.

१९५४ चा निर्णय

उडुपी येथील शिरूर मठाच्या व्यवस्थापनावर मद्रास सरकारच्या कायद्याने घातलेल्या नियंत्रणांविषयीचा खटला १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी लिहिलेल्या या निर्णयात धर्म म्हणजे काय, याची प्रथमच सविस्तर चर्चा झाली. मनुष्याचा आपल्या निर्मात्याशी असलेला संबंध म्हणजे धर्म, अशा आशयाची व्याख्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९० साली केली होती. ती व्याख्या आपल्या न्यायालयाने नाकारली. आणि ती नाकारताना बौद्ध व जैन धर्मांचेच उदाहरण दिले. ईश्वर किंवा आदिकारण न मानणारे धर्म भारतात प्रसिद्ध आहेत, तेव्हा ईश्वरावरील श्रद्धा हे धर्माचे लक्षण ठरू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भारतीय धर्मस्वातंत्र्याची कायदेशीर व्याख्या अशा रीतीने बुद्धाच्या अनीश्वरवादी धम्माला सामावून घेत सिद्ध झाली, ही गोष्ट आपल्या अभ्यासकांनी विसरू नये.

याच निर्णयात न्यायालयाने असेही सांगितले की, धर्माचा आवश्यक भाग कोणता, हे मुख्यतः त्या धर्माच्या स्वतःच्या सिद्धांतांवरून ठरवावयाचे आहे. अन्न अमुक वेळी अर्पण करावे, अमुक विधी अमुक दिवशी करावा, असे एखादा संप्रदाय म्हणत असेल, तर त्यासाठी पैसा वा वस्तू लागतात एवढ्यावरून तो विधी ऐहिक ठरत नाही. अर्थात या टप्प्यावर ‘आवश्यक’ हा शब्द धर्माच्या बाजूने वापरला गेला होता.

निकषाचे परिवर्तन

पुढील बारा वर्षांत या शब्दाचे कार्य पालटले. १९५८ साली दोन निर्णय आले. मंगळूरजवळील मुल्की येथील व्यंकटरमण मंदिर हे गौड सारस्वत ब्राह्मणांचे संप्रदायमंदिर असल्याने तेथे इतरांना प्रवेश नाही, असा दावा करण्यात आला होता. न्यायालयाने आगमग्रंथ पाहून कोणी मंदिरात यावे ही बाब धार्मिकच आहे, असे मान्य केले. तथापि मंदिरे खुली करण्याची संविधानातील तरतूद संप्रदायाच्या हक्काहून वरचढ आहे, असा निर्णय दिला आणि काही विशिष्ट विधी मात्र संप्रदायापुरते राखून ठेवले. येथे धर्माचे म्हणणे स्वीकारूनही समतेला प्राधान्य मिळाले, हे लक्षणीय होय. त्याच वर्षी गोवधबंदीच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने बकरी ईदला गायीचाच बळी देणे मुसलमानांना बंधनकारक आहे काय, हे धर्मग्रंथांच्या आधारे तपासले आणि पर्याय उपलब्ध असल्याने ते आवश्यक नाही, असे ठरविले.

१९६१ साली अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याविषयीच्या खटल्यात न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी आणखी एक पाऊल टाकले. काही प्रथा धार्मिक म्हणविल्या जात असल्या, तरी त्या केवळ अंधश्रद्धेतून उद्भवलेल्या आणि मूळ धर्मावर नंतर चढलेली पुटे असू शकतात. त्यांची बारकाईने छाननी केली पाहिजे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले. १९५४ चा भर धर्माच्या स्वतःच्या सांगण्यावर होता. आता न्यायालयानेच शुद्ध धर्म आणि त्यावरील पुटे वेगळी करावयाची होती.

या मार्गाचे सामर्थ्य आणि धोका दोन्ही १९६६ च्या स्वामीनारायण पंथाच्या खटल्यात एकत्र दिसतात. मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा १९४७ साली झाला. त्यानंतर अहमदाबादच्या नरनारायण मंदिरात अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनी प्रवेश करू नये म्हणून सत्संगींनी १९४८ साली दावा लावला. आमचा पंथ हिंदू धर्माहून वेगळा आहे, सबब कायदा आम्हांस लागू नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी हा दावा फेटाळला आणि मंदिर खुले राहिले. निष्पत्ती न्याय्यच होती. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर ज्यांनी सत्याग्रह केला, त्यांच्या वंशजांना त्याविषयी खेद वाटण्याचे कारण नाही.

परंतु त्या निष्पत्तीपर्यंत जाताना न्यायालयाने सत्संगींचे भय अंधश्रद्धा, अज्ञान आणि आपल्याच गुरूच्या खऱ्या शिकवणुकीच्या विपर्यासातून निर्माण झाले आहे, असेही सांगितले. एखाद्या पंथाला त्याच्या गुरूच्या शिकवणुकीचा खरा अर्थ समजावून सांगण्याचा अधिकार न्यायालयाला आहे काय? माणसाला जन्मावरून दाराबाहेर ठेवता येत नाही, एवढे म्हटले असते तरी निर्णय तोच झाला असता. अन्याय दूर करण्यासाठी हाती घेतलेले हे साधन उद्या दुर्बलांच्या विरुद्धही चालू शकते, हा विचार त्या काळी फारसा झाला नाही.

बहिष्काराचा प्रश्न

तसे ते चालू शकते, हे १९६२ च्या एका निर्णयात दिसूनही आले होते. मुंबई विधिमंडळाने १९४९ साली जातिबहिष्कृतीस प्रतिबंध करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले. श्रद्धेची एकात्मता राखण्यासाठी धर्मबाह्य ठरविण्याचा अधिकार हा त्या संप्रदायाच्या धर्माचाच भाग आहे, असे चार न्यायाधीशांनी मान्य केले आणि कायदा रद्द झाला. सरन्यायाधीश भुवनेश्वरप्रसाद सिन्हा यांचे एकट्याचे भिन्नमत होते. बहिष्कृत मनुष्य आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो. त्याची मानवी प्रतिष्ठा जपणारा कायदा धर्मस्वातंत्र्याचे रक्षणच करतो, अशी त्यांची भूमिका होती.

‘आवश्यक काय’ या प्रश्नाचे उत्तर धर्मगुरूंच्या बाजूने आले की बहिष्कृताचा हक्क दृष्टीआड होतो, हे या निर्णयाचे तात्पर्य होय. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा नवा कायदा केला. आणि १९६२ च्या निर्णयाच्या फेरविचाराचा प्रश्न २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला.

नव्या आचाराचे काय?

आपल्या दृष्टीने सर्वांत चिंतनीय निर्णय आनंदमार्ग पंथाविषयीचे आहेत. कवटी, सुरा इत्यादी घेऊन सार्वजनिक मिरवणुकीत तांडवनृत्य करण्यास कलकत्त्याच्या पोलीस आयुक्तांनी मनाई केली होती. सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर ती मनाई योग्य की अयोग्य, हे ठरविता आले असते. १९८३ साली न्यायालयाने मात्र असा विचार केला की, हा पंथ १९५५ साली स्थापन झाला आणि तांडवाचा आदेश १९६६ साली देण्यात आला. सबब तो पंथाचा आवश्यक आचार नव्हे. पुढे पंथाच्या ग्रंथात तांडवाचा समावेश झाला, तरी २००४ साली बहुमताने पुन्हा तेच सांगण्यात आले. आवश्यक भाग मूळापासून असावा लागतो, तो मागाहून जोडता येत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. न्या. लक्ष्मणन यांनी भिन्नमत नोंदविले.

हा तर्क धम्माला लावून पाहावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या कोणत्याही पिटकात नाहीत. उपासकांनी त्या रीतीने सामुदायिक दीक्षा घ्यावी, असे प्राचीन ग्रंथांत लिहिलेले नाही. तरीही लक्षावधी लोकांच्या धर्मजीवनाचा त्या पाया आहेत. प्राचीनता आणि ग्रंथप्रामाण्य एवढ्यावरच एखाद्या आचाराचे मोल ठरवावयाचे झाल्यास पुनरुज्जीवित धम्म नेहमीच जुन्या धर्मांपुढे दुय्यम ठरेल. भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना अनुस्सव, परंपरा आणि पिटकसंपदा यांच्या आधारावर काहीही स्वीकारू नका, असा उपदेश केला होता. न्यायालयाचा निकष नेमका या तीन गोष्टींचा पुरावा मागतो. जो धम्म स्वतःच्या अनुयायांकडून असा पुरावा मागत नाही, त्याने तो न्यायालयात कोठून आणावा?

धर्मांतर आणि त्याचे मोल

आवश्यकतेच्या निकषाखेरीज आणखी एका मार्गाने सीमा आखली गेली. ती धर्म बदलण्याच्या क्षणी आखली जाते. या संदर्भात महाराष्ट्रातील एक खटला प्रत्येक उपासकास ठाऊक असावा. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघातून निवडून आलेल्या उमेदवाराने बौद्ध धर्म स्वीकारला आहे, सबब तो राखीव जागेस अपात्र आहे, अशी हरकत घेण्यात आली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार त्या वेळी केवळ हिंदू व शीख (शिखांचा समावेश १९५६ साली झाला) यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा होता. ‘पंजाबराव विरुद्ध डी. पी. मेश्राम’ या नावाने हा खटला १९६५ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून असे ठरविले की, एखाद्याने जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीरपणे उद्घोषित केले, तर तो नवा धर्म मानतो असेच धरले पाहिजे. ते धर्मांतर विधिपूर्वक परिणामकारक झाले की नाही, याची अधिक चौकशी करणे निरर्थक आहे.

या निर्णयात दोन गोष्टी एकत्र आहेत. मनुष्याच्या जाहीर शब्दाला न्यायालयाने प्रमाण मानले, कोणत्याही ग्रंथाची वा पुरोहिताची साक्ष मागितली नाही. विवेकस्वातंत्र्याचा याहून मोठा आदर क्वचितच झाला असेल. मात्र त्याच शब्दाची किंमत म्हणून जागा गेली. धर्म बदलल्याने जातीचे चटके थांबत नव्हते, पण त्यांवरील उपाय थांबत होता. महाराष्ट्र सरकारने १९६० साली नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. केंद्रीय पातळीवर न्याय मिळण्यास १९९० चा दुरुस्ती कायदा यावा लागला. म्हणजे ३४ वर्षे धम्मदीक्षेवर जणू दंड बसत होता. ख्रिस्ती झालेल्या एका चर्मकाराच्या १९८५ च्या प्रकरणात, धर्मांतरानंतरही तितक्याच तीव्रतेने हाल सोसावे लागतात हे सिद्ध झालेले नाही, असे सांगून न्यायालयाने हीच अट कायम ठेवली. ख्रिस्ती व मुस्लिम दलितांच्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी २०२२ साली आयोग नेमण्यात आला. जो अन्याय आपण सोसला, तो इतरांच्या वाट्यास आला असता आपण मौन पाळणे धम्माला धरून होणार नाही.

१९७७ साली मध्य प्रदेश आणि ओरिसा यांच्या धर्मांतरविषयक कायद्यांना मान्यता देताना न्यायालयाने धर्म ‘प्रसारित’ करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे ठरविले. बळजबरी व फसवणूक यांना मनाई असावी, याबद्दल दुमत नाही. परंतु धर्म स्वीकारणाऱ्याच्या विवेकस्वातंत्र्याची बाजू त्या निर्णयात पुरेशी तपासली गेली नाही, अशी टीका ह. मा. सीरवई यांच्यासारख्या घटनातज्ज्ञांनी केली. या निर्णयाच्या आधारावर पुढे अनेक राज्यांत पूर्वसूचनेच्या वा पूर्वपरवानगीच्या अटी आल्या. हिमाचल प्रदेशाच्या उच्च न्यायालयाने २०१२ साली पूर्वसूचनेची अट रद्द केली. आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचाही मनुष्याला हक्क आहे, असे म्हटले. परंतु २०१९ च्या नव्या कायद्याने तेथे ती अट परत आणली. गुजरात सरकारने एप्रिल २०२४ मध्ये एक परिपत्रक काढून बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म असल्याचे स्पष्ट केले आणि म्हणूनच हिंदू धर्मातून बौद्ध धर्मात जाण्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आवश्यक असल्याचे सांगितले. धम्माचे स्वतंत्र अस्तित्व मान्य झाले. पण ते स्वीकारण्यास अधिकाऱ्याची अनुमती हवी!

दुसरा मार्ग

न्यायालयांपुढे याहून वेगळा मार्ग आहे, आणि तो त्यांनी स्वतःच दाखविला आहे. १९८५ साली केरळमधील यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत न गायिल्यामुळे शाळेतून काढण्यात आले. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत असत. १९८६ साली न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ही श्रद्धा आपल्याला पटते काय, हा प्रश्न त्यांनी गैरलागू मानला. ती प्रामाणिकपणे बाळगलेली आहे काय, आणि तिच्यामुळे संविधानाने सांगितलेल्या हिताला बाधा येते काय, एवढेच त्यांनी पाहिले.

शबरीमला प्रकरणात २०१८ साली चार विरुद्ध एक अशा बहुमताने दहा ते पन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांवरील बंदी उठली. त्यातही ‘आवश्यक आचार’ या निकषाचा आधार होताच, परंतु न्या. धनंजय चंद्रचूड यांनी या निकषाविषयी शंका व्यक्त करून, एखादी प्रथा माणसांना वगळून त्यांची प्रतिष्ठा हिरावते काय, असा प्रश्न अधिक उचित असल्याचे सुचविले आणि अशा वगळण्याचा संबंध अस्पृश्यतानिवारणाच्या १७ व्या अनुच्छेदाशी जोडला. न्या. इंदू मल्होत्रा यांनी भिन्नमतात न्यायालयाने श्रद्धेची तर्कसंगतता तपासू नये, असे म्हटले. विरुद्ध टोकांच्या या दोन्ही मतांत न्यायालयाने धर्मशास्त्री होऊ नये, हे सूत्र समान आहे. २०१९ साली या निकषासंबंधीचे व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले.

या दुसऱ्या मार्गातही सावधगिरी हवी. प्रामाणिकपणा तपासण्याच्या निमित्ताने न्यायालय माणसाच्या अंतःकरणात शिरू पाहील, हा धोका आहे. पुदुच्चेरीतील एका प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये, केवळ आरक्षणासाठी केलेला धर्माचा दावा म्हणजे संविधानाची फसवणूक होय, असे सांगताना न्यायालयाने संबंधित व्यक्तीचे चर्चमध्ये जाणे व इतर आचरण तपासले. जाहीर शब्दावर विसंबणारा १९६५ चा निर्णय या दृष्टीने अधिक सुरक्षित वाटतो.

समारोप

या विवेचनावरून न्यायालयाने धर्माच्या वाटेला जाऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्यांना शतकानुशतके धर्माच्या नावाने पाणवठ्यापासून आणि मंदिरापासून दूर ठेवले गेले, त्यांना राज्याची आणि न्यायालयाची मदत हवीच होती, आजही हवी आहे. प्रश्न हस्तक्षेपाच्या कारणाचा आहे. ‘हा आचार तुमच्या धर्माला आवश्यक नाही’ असे सांगून तो बंद करणे एक. ‘हा आचार तुमच्या धर्माचा असेलही, परंतु त्याने दुसऱ्या माणसाच्या हक्काला व प्रतिष्ठेला इजा होते’ असे सांगून तो बंद करणे दुसरे. पहिल्या रीतीत न्यायाधीश धर्माचा आचार्य होतो. दुसऱ्या रीतीत तो संविधानाचा रक्षक राहतो. आणि मर्यादा संविधानात जेथे लिहिली आहे तेथेच राहते.

आपल्या समाजाने यातून दोन व्यावहारिक बोध घ्यावेत. दीक्षेची उद्घोषणा जाहीरपणे व्हावी आणि तिची नोंद विहारात नीट ठेवली जावी. १९६५ च्या निर्णयानुसार ती उद्घोषणा हाच मुख्य पुरावा आहे. दुसरे असे की, आपल्या आचाराविषयी वाद उद्भवल्यास तो किती प्राचीन आहे हे सिद्ध करण्यात सर्व शक्ती खर्च करू नये. तो आमच्या विवेकाने स्वीकारलेला आहे आणि त्याने कोणाच्याही हक्काला बाधा येत नाही, हे आग्रहाने मांडावे. राजगृहाच्या संगीतीत अर्हंतांनी मुख्य व गौण यांची निवड केली नाही, आणि तो निर्णय संघाचा स्वतःचा होता. संघाने जे स्वतः ठरवावयाचे, ते इतरांनी ठरविण्याची वेळ येऊ नये, एवढी जागरूकता उपासक-उपासिकांनी राखली पाहिजे.